दगड झालेला बाजार

विदर्भाचे फोटो म्हटलं की दोन चित्रं आधी डोळ्यांसमोर येतात: वाघ, नाहीतर भेगाळलेली जमीन. वाघाच्या फोटोत माणूस नसतो. भेगाळलेल्या जमिनीच्या फोटोत असलाच, तर तो डोक्याला हात लावून बसलेला असतो. या दोन फोटोंच्या मधे एक अख्खा प्रदेश राहतो. बसस्टँड, पानठेला, कृषी केंद्राच्या पाटीखाली टेकलेली माणसं, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवलेला कूलर, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीन, काळी-पिवळीच्या टपावर बांधलेली पोती. हे सगळं कुणी टिपत नाही असं म्हणता येणार नाही. तिथे राहणारी पोरं-पोरी रोज टिपतात. पण स्टेटसवर टाकायच्या आधी त्यातलं बरंचसं कापून टाकतात.

गिरड घ्या. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघंही जातात. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यही फार लांब नाही, म्हणजे वाघाचा फोटो शेजारीच. अशा टेकडीवर फोन बाहेर काढला की काय टिपायचं हे जणू आधीच ठरलेलं असतं: दर्गा, आकाश, मावळता सूर्य. फ्रेममध्ये विजेची तार आली तर जरा सरकायचं. टॉवर आला तर झूम करायचं. आणि हल्ली तर सरकायचीही गरज उरलेली नाही. फोनमध्येच ती सोय आहे: तारेवर बोट फिरवा, तार गायब.

ती तार पुसण्यात काही चुकतं का? वरवर बघता प्रश्न फालतू वाटेल. कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला दुखावलं नाही. पण त्याच तारेने खालच्या घरांत पंखा फिरतो. त्याच टॉवरमुळे तो फोटो अपलोड होतो. जे रोज आपल्याला जगवतं तेच आपल्याला दाखवण्याच्या लायकीचं वाटत नसेल, तर प्रश्न फोटोपुरता राहत नाही. माझ्या मते तो नैतिक प्रश्न आहे. साध्या जागेकडे कसं बघावं, आणि तसं बघण्याचा अधिकार कुठून येतो, याचा.

व्यापारी आणि नारळ

गिरडच्या टेकडीवर गोलसर दगड विखुरलेले आहेत. भूशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइट जातीच्या खनिजांचे गोळे. दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये अशी खनिजं तयार होतात. श्रद्धेच्या भाषेत मात्र त्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ब्रिटिशांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन इथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल, नारळ आणि इतर जिन्नस, दगड करून टाकला. व्यापारी गयावया करू लागले तेव्हा बाबांनी सुकलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. हे बघून ते इतके चकित झाले की पुढे गेलेच नाहीत. मरेपर्यंत बाबांच्या सेवेत राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच आहेत असं सांगतात.

श्रद्धा असो वा नसो, ही गोष्ट फोटो काढणाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. कारण कॅमेरा हेच करतो. चालता-बोलता, घासाघीस करणारा, वास मारणारा, घामट बाजार एका क्षणात दगड होतो. नारळ नारळासारखा दिसतो, पण फोडता येत नाही. यात वाईट काही नाही, ते कॅमेऱ्याचं कामच आहे. प्रश्न पुढचा आहे. दगड केल्यानंतर काय? गोष्टीत दगड झाल्यावर दोन गोष्टी घडतात. ज्यांचं गेलं त्यांना काहीतरी परत मिळतं. आणि जे नुसते जाता जाता थांबले होते, ते राहतात. आपल्या बहुतेक फोटोंमध्ये यातलं एकही घडत नाही. बाजार दगड होतो आणि आपण पुढच्या गावाला निघतो.

साधं ते सुंदर, हे कधीपासून?

साध्या रस्त्याचा फोटो काढावा हे आज आपल्याला नैसर्गिक वाटतं, पण ते शिकावं लागलेलं आहे. पॅरिसमध्ये यूजीन आत्झे हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७मध्ये मरेपर्यंत जुन्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी काचा, अंगणं, जिने टिपत राहिला. अवजड कॅमेरा घेऊन तो बऱ्याचदा भल्या पहाटे निघायचा, म्हणून त्याच्या फोटोंतले रस्ते रिकामे दिसतात. आपण कला करतो असा त्याचा दावा नव्हता. चित्रकारांना उपयोगी पडतील असे दस्तऐवज, असं तो आपल्या फोटोंना म्हणे. जगाने त्यांना कला म्हटलं ते नंतर.

१९७५मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एक प्रदर्शन भरलं, ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं. दहा छायाचित्रकार. विषय काय, तर पार्किंगच्या जागा, मोटेल, एकाच साच्यातून काढल्यासारखी नवी घरं, कारखान्यांच्या भिंती. त्याआधी अमेरिकन निसर्गचित्र म्हणजे डोंगर आणि धबधबे, ज्यात माणसाची खूण येऊ द्यायची नाही. या दहा जणांनी उलट केलं. माणसाने जमिनीचं जे केलं आहे तेच आपलं निसर्गचित्र आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे रघुबीर सिंग यांनी मुंबईवर १९९४मध्ये रंगीत छायाचित्रांचं पुस्तक काढलं. त्यात दुकानांच्या काचा आहेत, काचेत रस्ता आहे, रस्त्यावर माणसं आहेत, आणि सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. शहर असंच दिसतं, नीट मांडून ठेवलेलं कधीच दिसत नाही.

या सगळ्यांनी एक गोष्ट कमावून दिली. जागा सुंदर असण्यासाठी तिला प्रसिद्ध, पवित्र किंवा हिरवं असावं लागत नाही. तिच्याकडे कुणीतरी पुरेसा वेळ बघावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, बंद शटरच्या रांगेसमोर एकच छत्री चाललेली असते. ते दृश्य सुंदर आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन डांबरी रस्त्यावरून निघालेली पोरं आणि त्यांच्या मागे मोबाइल रिचार्जची पाटी, हेही सुंदर आहे. पाटी पुसली तर ते गोड होईल, पण कमी खरं होईल आणि म्हणून कमी सुंदरही.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. इथून पुढे तो अवघड होतो.

दोन चुका, एकाच घरच्या

समजा शहरातून एक जण चांगला कॅमेरा घेऊन गिरडसारख्या बाजारगावात येतो. त्याला तार पुसायची नाही. त्याला उलट तारच हवी आहे. गंजलेलं शटर हवं आहे, पोपडे उडालेलं निळं दार हवं आहे, शेवाळलेल्या कवेलूंचं छप्पर हवं आहे. फोटो अप्रतिम येतो. खाली तो लिहितो, ‘काळ थांबलेलं गाव’.

आता त्या कवेलूंखाली राहणाऱ्या माणसाचा विचार करा. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, माकडांनी फोडले की पुन्हा फेरावे लागतात. त्याला स्लॅब टाकायचा आहे. त्यासाठी तो काही वर्षं पैसे जमवतो आहे, आणि दरवर्षी कापसाच्या भावात काही ना काही अडतं. त्याच्यासाठी काळ अजिबात थांबलेला नाही. काळ धावतो आहे, आणि तोच मागे पडतो आहे. फोटोतला रंग खरा आहे, प्रकाश खरा आहे, शेवाळ खरं आहे. खोटी आहे ती फक्त ती ओळ. पण त्या एका ओळीने बाकीच्या सगळ्या खरेपणाचा अर्थ फिरवला.

गावातला मुलगा तार पुसतो आणि बाहेरचा माणूस गंज शोधतो. वरवर या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. मला त्या एकाच घरच्या वाटतात. दोघंही जागेकडे तिसऱ्याच्या डोळ्यांनी बघत असतात. पोराच्या मनात असतं, पुण्या-मुंबईच्या मित्राला हे बघून काय वाटेल. बाहेरच्या माणसाच्या मनात असतं, प्रदर्शनात किंवा फीडवर हे कसं दिसेल. एकाला जागेची लाज वाटते, दुसऱ्याला जागेचा लोभ आहे. जागेशी दोघांचंही थेट बोलणं होत नाही.

ही सवय फोनबरोबर आलेली नाही. मुंबईत १८५४मध्ये छायाचित्रकारांची संस्था सुरू झाली. तिच्याशी जोडलेल्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६मध्ये प्रसिद्ध केले. त्या फोटोंची गंमत अशी की त्यांतली माणसं त्या-त्या जागी उभीच नव्हती. माणसांचे फोटो वेगळे काढलेले, जागांचे वेगळे, आणि मग माणसं कापून त्या जागांवर बसवलेली. माणूस नमुना झाला आणि शहर पडदा. आज आपण पोर्ट्रेट मोड लावतो, मागचा बाजार धूसर करतो, किंवा स्वतःला कापून दुसऱ्याच आकाशाखाली ठेवतो, तेव्हा त्याच कारागिरीचं हे स्वस्त रूप असतं. तेव्हा कात्री एका साहेबाच्या हातात होती. आज ती प्रत्येकाच्या अंगठ्याखाली आहे.

रंग लावलेली टेकडी

गिरडची टेकडी सोडून आता मुंबईतल्या एका टेकडीकडे जाऊ, कारण हा प्रश्न तिथे जास्त स्पष्ट दिसतो. घाटकोपरजवळ असल्फाची वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. २०१४मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून ती रोज हजारो प्रवाशांना खिडकीतून दिसते. २०१७च्या अखेरीस स्वयंसेवकांनी तिथल्या बऱ्याच घरांच्या भिंती झगझगीत रंगांनी रंगवल्या. फोटो पसरले. इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका गावाशी तुलना झाली. मेट्रोतून जाणारी माणसं फोन काचेला लावू लागली.

यावर दोन बाजूंनी बोललं गेलं आणि दोन्हींत तथ्य आहे. एक बाजू म्हणते, रंगाने गळती थांबत नाही, पाणी येत नाही, रंग फक्त बघणाऱ्याची अस्वस्थता झाकतो. दुसरी बाजू म्हणते, गरिबाच्या भिंतीला रंग लागला की लगेच तुम्हाला पाणी आणि संडास का आठवतात? तुमच्या घराला रंग देताना तुम्ही आधी बाकीचे प्रश्न सोडवता का? सुंदर घराची इच्छा फक्त पोट भरलेल्यालाच असते का?

दुसऱ्या बाजूचा प्रश्न मला जास्त टोचतो. ‘गरिबीचं सौंदर्यीकरण’ हा शब्द आपण फार सहज वापरतो, आणि तो वापरताना त्या वस्तीत राहणाऱ्यांना सौंदर्याची चाड नसणार असं नकळत गृहीत धरतो. गिरडच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानात डोकावून बघा. बरण्या कशा लावल्या आहेत, पाकिटांच्या माळा रंगाला रंग लावून कशा सोडल्या आहेत, देवाच्या तसबिरीभोवती लाइटिंग कशी फिरवली आहे. हे सगळं कुणीतरी मन लावून केलेलं आहे. साध्या जागेतलं बरंचसं सौंदर्य तिथल्या माणसाने आधीच रचलेलं असतं. फोटो काढणारा ते शोधून काढत नाही, तो उशिरा पोचतो.

तरीही मेट्रोच्या काचेतून टिपलेल्या फोटोत काहीतरी कमी आहे हे जाणवतं. काय कमी आहे? प्रकाश नाही, रंग नाही, सहानुभूतीही नाही. त्या फोटोला कुणी उलट बोलू शकत नाही. गाडी पुढे गेलेली असते.

परत दाखवण्याची परीक्षा

मला वाटतं, साध्या जागांच्या फोटोंसाठी एकच परीक्षा पुरेशी आहे. हा फोटो, त्याखाली लिहिलेल्या ओळीसकट, त्या जागेत परत नेऊन तिथल्या माणसाला दाखवता येईल का? त्याला आवडेल का, हा प्रश्न नाही. दाखवता येईल का, आणि तो जे म्हणेल ते उभं राहून ऐकता येईल का?

पानठेल्यावर जाऊन तुम्ही म्हणता, “काका, हा तुमच्या ठेल्याचा फोटो.” काका बघतात आणि म्हणतात, “काऊन रे, पाटी काऊन कापली?” त्या एका प्रश्नात छायाचित्रणाचं अर्धं शिक्षण आहे. पाटी त्यांनी पैसे देऊन रंगवून घेतलेली असते. तीवर त्यांच्या पोरीचं नाव असतं. तुम्हाला ती फ्रेममध्ये नकोशी वाटली, त्यांच्या लेखी ठेला म्हणजे ती पाटीच. आता पुढच्या वेळी तुम्ही पाटी घ्याल किंवा घेणार नाही, पण ती कापताना तुम्ही काय कापता हे तुम्हाला माहीत असेल.

आणि ‘काळ थांबलेलं गाव’ ही ओळ कवेलूंखालच्या माणसाला वाचून दाखवता येईल का? माझी खात्री आहे, घशातच अडकेल. जी ओळ घशात अडकते ती खोटी असते, फोटो कितीही चांगला असो.

चित्रकार सुधीर पटवर्धन आयुष्यभर ठाण्या-मुंबईतली साधी दृश्यं, लोकल, इराणी हॉटेल, चाळी, कामगार रंगवत आले आहेत. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. चित्रं फक्त मोठ्या गॅलऱ्यांमध्ये राहू नयेत म्हणून त्यांनी २००८-०९च्या सुमारास अनेक चित्रकारांच्या कामांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं. ज्यांच्याबद्दल चित्रं काढली जातात त्यांनी ती बघावीत, हा आग्रह त्यामागे दिसतो. चित्र विकलं गेलं की संपलं असं ज्याला वाटत नाही, तोच ती उठाठेव करतो.

सेवाग्रामच्या तीन अटी

आता पुन्हा वर्धा जिल्ह्यात येऊ. गिरड ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६मध्ये तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. आश्रमात त्यांच्या नात्यात नातू लागणारा एक तरुण होता, कनू गांधी. आश्रमाची कारकुनी कामं करायचा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या छंदासाठी आश्रम पैसे देणार नाही.

या अटी गांधीजींनी स्वतःच्या सोयीसाठी घातल्या असतील, पण आज त्या वाचल्या की साध्या जागांच्या छायाचित्रणाची आचारसंहिताच वाटतात. फ्लॅश नाही, म्हणजे तुझा उजेड इथे आणू नकोस, कुटीत जितका उजेड आहे तितक्यात बघायला शिक. पोझ नाही, म्हणजे तुझ्या चित्रासाठी आमचं जगणं हलवू नकोस. आणि पैसे नाहीत, म्हणजे तुला हे बघावंसं वाटतं ही तुझी गरज आहे, आमच्यावर उपकार नाहीत.

कनू गांधींनी जवळजवळ दहा वर्षं, १९४८पर्यंत, असे फोटो काढले. जगातले मोठमोठे छायाचित्रकार गांधीजींना भेटून, एखादा अजरामर फोटो घेऊन गेले. कनूंचे फोटो वेगळे आहेत, कारण ते काढणारा माणूस त्याच पंगतीत जेवत होता. त्यांना काही वेळा नाहीही ऐकावं लागलं. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अखेरच्या वेळी फोटो काढायला गांधीजींनी त्यांना मनाई केली. कनू थांबले. तो फोटो नाही. माझ्या मते तो न काढलेला फोटोही त्यांच्या कामाचाच भाग आहे. जिथे नाही म्हणता येतं आणि ते ऐकलं जातं, तिथलंच हो खरं असतं.

तीन आक्षेप

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, एवढा विचार केला तर रस्त्यावर फोटो निघणारच नाही. छत्री तीन सेकंदांत निघून जाते, परवानगी कधी मागायची? बरोबर आहे. पण परत दाखवण्याची तयारी आणि आधी मागितलेली परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो तीन सेकंदांत काढावा. तो कुठे टाकायचा आणि खाली काय लिहायचं, याला भरपूर वेळ असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गावालाच जे झाकायचं आहे त्याचं काय? तुंबलेली नाली, उखडलेला रस्ता, बंद पडलेली पाण्याची टाकी? कुणाला तरी हे फोटो नकोच असतील. माझी परीक्षा इथे मोडत नाही, उलट उपयोगी पडते. नालीचा फोटो ग्रामसभेत दाखवता येतो, तिथल्या लोकांसमोर, तारखेसकट. काही जण चिडतील, काही जण म्हणतील, बरं केलंस. पण तोच फोटो गावाला न सांगता ‘आमच्याकडे हे असंच’ अशा विनोदासह पसरवला, तर नाली तशीच राहते आणि गावाचं तेवढं हसू होतं. चेहऱ्यावर सांगता येणारी टीका आणि पाठीमागची चेष्टा यांतला फरक माणसांना कळतो. फोटोंनाही तोच नियम लावावा.

तिसरा आक्षेप मुलींचा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. बसस्टँडवर अर्धा तास फोन घेऊन उजेड बदलायची वाट बघत उभं राहणं मुलाला जमतं. मुलीला लोक विचारतात, इथे काय करतेस? दुसऱ्या बाजूने, कुणाच्या तरी फोनमध्ये आपला फोटो आहे ही गोष्ट मुलासाठी किरकोळ असते, मुलीसाठी ती धास्ती असू शकते. म्हणजे साध्या रस्त्याचं सौंदर्य बघण्याचा आणि त्या रस्त्यावर निवांत दिसण्याचा, दोन्ही हक्क सारखे वाटलेले नाहीत. मुलींच्या नजरेतून आपली बाजारगावं कशी दिसतात याचे फोटो कमी आहेत, ते यामुळे. जे आहेत त्यांतले बरेच खिडकीतून, गच्चीवरून, कॉलेजच्या बसमधून काढलेले असतात. ते दूरवरून काढलेले आहेत म्हणून मेट्रोच्या काचेतल्या फोटोंसारखेच समजणं अन्याय होईल. कारण तिथे दूर राहणं निवडलेलं नसतं, वाट्याला आलेलं असतं. आणि रस्त्यातल्या अनोळखी मुलीचा चेहरा ओळखू येत असेल, तर परीक्षेचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं: तिला दाखवता येणार नसेल, तर ठेवू नये.

साधं असण्याचा हक्क

एवढा खटाटोप कशासाठी? एका बाजारगावाचे फोटो चांगले निघाले किंवा नाही, त्याने कुणाचं काय अडतं?

पुन्हा वाघ आणि भेगांकडे येतो. ज्या प्रदेशाचे फक्त संकटाचे फोटो निघतात, तिथल्या माणसाकडे बाहेरचं जग संकट म्हणूनच बघतं. वर्धा, यवतमाळ, अमरावतीची पोरं शिकायला पुण्याला येतात तेव्हा हा अनुभव त्यांना नवा नसतो. जिल्ह्याचं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट कणव येते. शेतीचं संकट खरं आहे, त्याचे फोटो निघायलाच हवेत. पण त्या संकटातही लोक कूलरमध्ये नवीन गवत भरतात, तर्री-पोहे खातात, पाटी रंगवून घेतात, नवा मोबाइल घेतल्यावर पहिला फोटो दुकानाचा काढतात. हे दिसलं नाही तर मदतीला येणाराही माणसाला नीट बघत नाही. तो प्रकरण बघतो.

म्हणून साध्या बाजाराचा, तारेसकट, टॉवरसकट, पाटीसकट फोटो काढून तो न कापता टाकणं हा छोटासा पण खरा दावा आहे. आम्ही फक्त तुमच्या दयेचा विषय नाही आणि फक्त तुमच्या सहलीची पार्श्वभूमीही नाही, आमच्याकडेही रोजचा दिवस उजाडतो, असा तो दावा. आणि हा दावा बाहेरून येऊन कुणी करू शकत नाही. तो करायला तिथे असावं लागतं.

गिरडच्या गोष्टीतल्या व्यापाऱ्यांना राहणं शिकायला आधी सगळा माल गमवावा लागला. जी पोरं तिथेच वाढली, त्यांच्याकडे ते राहणं आधीपासून आहे. बाहेरून येणारा एक संध्याकाळ टिपतो. त्यांना तोच ठेला पहाटे सहाला दिसतो, मेच्या दुपारी दिसतो, पहिल्या पावसात ताडपत्री ओढताना दिसतो, निवडणुकीच्या आदल्या रात्री दिसतो. एकाच जागेचे वर्षभरातले बारा फोटो, एकही तार न पुसता, आणि दर वेळी काकांना दाखवून. ते कुणाला आवडतील की नाही माहीत नाही. पण ते बघून काका जे काही सांगतील, ते टेकडीवरून काढलेल्या सूर्यास्ताने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.